उपरण्याच्या गाठी

तापीच्या अल्याड आणि पल्याड, चोपड्यापासून साक्रीपर्यंत, आमच्या नानांइतका संशयी माणूस त्या काळी दुसरा नव्हता आणि माझ्या माहितीत आजतागायत झालेला नाही. सरकारनं त्यांना पोलिसात घेतलं असतं तर अर्धा खानदेश कोठडीत बसला असता आणि उरलेला अर्धा साक्षीला उभा राहिला असता. पण नाना पोलिसात नव्हते. धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात ते कंपौंडर होते. औषधाच्या पुड्या बांधायच्या, बाटल्यांवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवायच्या आणि समोरचा रोगी खरंच आजारी आहे की नुसता गोड औषधासाठी आलाय याचा तपास करायचा, एवढं त्यांचं काम. यातलं तिसरं काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

माझी त्यांची गाठ पडली ती हिवतापात. मी मूळचा कोकणातला, राजापूरकडचा. मराठी पाचवीत शाळा सुटली आणि गावच्या एका फिटरमामांचं बोट धरून विसाव्या वर्षी धुळ्याच्या एका जिनिंग कारखान्यात यंत्रांना तेल घालायच्या कामावर लागलो. वर्षाच्या आत मामा गुजरातेत दुसऱ्या कारखान्यात निघून गेले आणि त्या मुलखात माझं असं कोणी उरलं नाही. हंगाम संपला की सगळे मजूर आपापल्या गावी जात. मी मागं डागडुजीला राहत असे आणि उन्हानं तापलेल्या खोलीत बसून समुद्राचा विचार करत असे. अशाच एका दिवशी दात वाजायला लागले म्हणून दवाखान्यात गेलो, तर काळा कोट, पांढरं धोतर आणि खांद्यावर उपरणं अशा एका उंच गृहस्थांनी माझ्या हातावर क्विनाइनची गोळी ठेवली आणि म्हणाले, "गीळ."

मी गिळली.

"तोंड उघड."

मी उघडलं.

"जीभ वर कर. लोक जिभेखाली ठेवतात आणि बाहेर जाऊन थुंकतात. तुझा चेहरा थुंकणाऱ्याचा आहे."

सलग सात दिवस ते मला गोळी द्यायचे आणि माझी जीभ वर करून पाहायचे. दोन दिवस अंगात जायचं त्राण नव्हतं, तर स्वतः माझ्या खोलीवर आले. कारण मी येत नाही म्हणजे पळून गेलो असणार, असा त्यांना संशय आला होता. खोलीत पाण्याचं मडकं रिकामं, चूल थंड, असं पाहिल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. "तू खातोस काय? खात नसशील तर जिवंत कसा? कुठं जेवून येतोस?" असं दरडावत ते निघून गेले आणि तासाभरात त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, पितळी झाकून घेऊन दारात उभ्या. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, पातळ वरण आणि वर नानांचा निरोप की पितळी परत नेताना अन्न खरंच खाल्लंय की कुत्र्याला घातलंय ते बघून ये.

आता खरं सांगायचं तर संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हतो. परमुलखात एकट्या माणसाला दुसरं हत्यार काय असतं? हे ख्रिस्ती लोक, औषध देतात, भाकरी देतात, ते कशासाठी? मामा जाताना मला बजावून गेले होते की मिशनवाल्यांचं गोड बोलणं कानाआड टाकायचं, नाहीतर एका सकाळी उठशील तो नाव बदललेला. नाना गोड बोलत नसत ही गोष्ट खरी. पण मला वाटे, हा त्यांचा डाव आहे. अक्कांच्या भाकरीचा घास मोडताना माझ्या मनात आईचा चेहरा यायचा. भाकरी संपली की तो चेहरा जायचा आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

बरा झाल्यावर त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं. मी नाही म्हणणार होतो, पण अक्कांनी वांग्याचं भरीत केलंय असं कळलं. जेवणापूर्वी नानांनी हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. मी विचार केला, हीच ती वेळ. मंत्र म्हणून पाणी शिंपडतील, काही तरी करतील. म्हणून मी हळूच एक डोळा उघडला. पाहतो तो नानांचाही एक डोळा उघडा आणि तो माझ्यावर रोखलेला. दोघं एकमेकांकडे एकेका डोळ्यानं पाहत राहिलो. प्रार्थना मात्र न अडखळता चालू होती. अक्कांनी आमेन म्हणून दोन्ही डोळे उघडले आणि आमच्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

"जेवी ले रे भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या असाच शेतस. पाळक प्रार्थना करतस तवय बी एक डोया उघडाच ऱ्हास."

दोन-तीन महिन्यांनी मी धीर करून विचारलंच, "नाना, तुम्ही माझं एवढं का करता? मला ख्रिस्ती करायचा विचार असेल, तर आधीच सांगतो..."

नानांनी हातातली पुडी खाली ठेवली. "तुला? मागच्या पावसाळ्यात एक जण आला होता बाप्तिस्मा मागायला. मी पाळकांना सांगितलं, याचा डोळा मिशनच्या विहिरीवर आहे. त्याची जमीन लागून आहे. तुझा डोळा कशावर आहे ते मला अजून कळलेलं नाही. तू माझ्याकडे कशाला येतोस?"

"तुम्हीच बोलावता."

"तेच म्हणतो मी. बोलावलं की येतोस. का?"

त्यांनाही वाटे मी काहीतरी काढून घ्यायला येतो, मलाही वाटे ते काहीतरी काढून घ्यायला बोलावतात, आणि या परस्परांच्या अविश्वासावर आमचा स्नेह दर रविवारी भरीत-भाकरी खात चांगला बाळसं धरत होता.

नानांचं म्हणणं असं की, एकमेकांवर प्रीती करा ही त्यांच्या प्रभूची आज्ञा आहे, आणि त्या प्रीतीवरूनच जगानं ओळखायचं की ही माणसं त्याची आहेत. कपाळाला खूण नाही, गळ्यात माळ नाही, खूण काय ती एवढीच. पण एकमेकांवर विश्वास ठेवा असं कुठं म्हटलेलं नाही. "मी नीट वाचून पाहिलंय," ते सांगत. "विश्वास देवावर. माणसावर प्रीती. लोक या दोन गोष्टींची भेसळ करतात आणि मग फसतात." कोणी हसलं तर म्हणत, "हसायला काय झालं? लक्ष ठेवल्याशिवाय प्रीती करणार कशी? ज्याच्यावर लक्षच नाही, त्याला काय हवं ते तुला कसं कळणार?" आणि ते खरोखरच साऱ्या गल्लीवर लक्ष ठेवत. दूधवाल्याच्या दुधात पाणी असेल, किराणेवाल्या शेटजींच्या तुरीत खडे असतील, देवळातल्या पाळकांनी चैत्रातलं प्रवचन श्रावणात पुन्हा खपवलं असेल, शेजारची म्हातारी औषध पिते म्हणते पण तुळशीला ओतत असेल. तुळस सुकलेली पाहून हा शेवटचा संशय खराही ठरला होता. संशय आला की नाना उपरण्याच्या पदराला एक गाठ मारत. महिना सरेपर्यंत उपरणं असं गाठाळून जाई की लांबून वाटे यांनी खांद्यावर लसणीची जुडी टाकली आहे.

आणि इथूनच पुढं खरी अडचण सुरू होई. मिशनच्या देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. त्याला बसायचं तर मनात कोणाविषयी किल्मिष असता कामा नये, आधी जाऊन समेट करायचा आणि मग यायचं, असा नियम. बाकीची मंडळी हा समेट मनातल्या मनात करून मोकळी होत. नानांना ती पळवाट वाटे. म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी, ते गाठी मारलेलं उपरणं घेऊन गावात निघत आणि ज्याच्या ज्याच्यावर संशय घेतला त्याच्यापुढं उभं राहून, तो संशय स्पष्ट शब्दांत सांगून, त्याची क्षमा मागत. क्षमा मिळाली की एक गाठ सोडत. गल्लीनं या दिवसाला क्षमेचा शनिवार असं नाव ठेवलं होतं आणि त्या दिवशी धुळ्याच्या त्या भागातली निम्मी माणसं परगावी जायचा बेत करत.

कारण नानांचा आवाज. दवाखान्यात बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून बोलून तो असा कमावलेला होता की पांझरा नदीच्या या काठावर मागितलेली क्षमा त्या काठावर ऐकू जाई. दूधवाला चरव्या घेऊन चार बायकांच्या घोळक्यात उभा, आणि नाना समोर. "सोमवारी तुझ्या दुधात पाणी आहे असा संशय मी घेतला. तपासून पाहिलं, नव्हतं. क्षमा कर."

"माले मालूमच नव्हतं ना नाना!" दूधवाला रडकुंडीला येऊन म्हणे. "मनना मनमाच ठेवतात तर काय व्हतं?"

पण तोवर दोन बायकांनी आपली भांडी मागं घेतलेली असत. गाठ सुटायची आणि दूधवाला अडकायचा. मात्र त्याच्या पुढच्या आठवड्यात सबंध गल्लीत दुधावर जाड साय येई, हेही मी पाहिलेलं आहे. शेटजी हुशार. नाना कोपऱ्यावर दिसले की ते गादीवरून उठून सामोरे येत, "आत या नाना, आत बसून बोलू" म्हणून त्यांना गोदामात नेत आणि जी काय असेल ती क्षमा पोत्यांच्या आड करून टाकत. पाळकसाहेब बिचारे पळू शकत नव्हते.

माझ्याकडे नाना दर क्षमेच्या शनिवारी येत. विडी ओढत असशील, आईला पत्र लिहिलं म्हणतोस पण लिहिलं नसशील, थंडीत गोधडी विकून खाल्ली असशील, असे संशय ते घेत. मी सगळ्यांची क्षमा करत असे. पत्राच्या संशयाची जरा घाईनं करत असे आणि ते गेल्यावर पोस्टात जाऊन कार्ड आणत असे.

माझ्या चौथ्या हंगामातली गोष्ट. माझ्या चपलांचे तळ झिजून पाय जमिनीला लागायला लागले होते. पांझरेच्या पुलाजवळ बसणाऱ्या चांभाराकडून मी जाड चामड्याचे नवे तळ मारून घेतले. त्याच सुमारास कारखान्याच्या कोठीतून यंत्राच्या पट्ट्याचा एक पाच हातांचा तुकडा नाहीसा झाला होता. हा पट्टा म्हणजे दणकट चामडं. त्याचा तळ मारला तर चप्पल दहा वर्षं हलत नाही, हे जिनात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. म्हणूनच तो चोरीला जाई. आमचे मॅनेजर आठवडाभर फणफणत होते. तेल घालायला कोठीत मीही जायचो, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. कोणाचं म्हणजे, नानांखेरीज.

शनिवारी दुपारी भोंगा झाला. दोनशे माणसं फाटकातून बाहेर पडत होती. मॅनेजर घड्याळ हातात घेऊन फाटकाशीच उभे. आणि समोरून नाना आले, उपरण्याची गाठ चिमटीत धरून.

"कोकण्या, थांब. बुधवारी तुझ्या चपलांचे नवे तळ पाहिले, आणि कारखान्याचा पट्टा तूच चोरला असशील असा संशय माझ्या मनात आला. त्याबद्दल..."

दोनशे माणसं जागच्या जागी थांबली. मॅनेजर पुढं झाले. "काय म्हणालात कंपौंडर?"

"थांबा साहेब, माझं बोलणं पुरं व्हायचंय."

"पुरं झालं," मॅनेजर म्हणाले. "काढ रे चपला."

मी चपला काढल्या. त्यांनी त्या उलट्या करून पाहिल्या, पहारेकऱ्याकडे दिल्या आणि मला सांगितलं की सोमवारी सकाळी कामावर यायचं नाही, चौकीवर यायचं. नाना मध्ये मध्ये "अहो पण ऐका", "अहो मी तपास केलाय" म्हणत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज कोणाला ऐकू जात नव्हता. मी तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी चालत निघालो. माझ्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती. गावात कोणीतरी आईला सांगणार, तुझा मुलगा चामडं चोरून चौकीत बसलाय. माझ्या बाजूनं शब्द टाकणारं त्या मुलखात एक माणूस नव्हतं, आणि जे एक होतं असं वाटलं होतं त्यानंच मला धरून दिलं होतं. अखेर मामांचंच खरं ठरलं, डाव होताच, असं मला वाटलं.

संध्याकाळी दिवेलागणीला नाना आले. दारातच उभे राहिले. गाठ तशीच होती. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

"ही का तुमची प्रीती?" मी म्हटलं. "यावरून ओळखायचं होय तुम्हाला?"

नानांनी खोलीभर नजर फिरवली, मडक्यात पाणी आहे का ते पाहिलं, आणि गेले. अक्कांनी पाठवलेली पितळी मी तशीच परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी देवळात काय झालं ते मला अक्कांनी मागाहून सांगितलं. भाकरीची थाळी नानांपाशी आली. तीस वर्षांत त्यांचा एक महिना चुकलेला नव्हता. त्यांनी थाळीकडे पाहिलं, उपरण्याकडे पाहिलं, थाळी शेजाऱ्याकडे सरकवली आणि उठून उभे राहत, त्या आवाजात, म्हणाले, "माझी एक गाठ राहिली." आणि भर भोजनातून बाहेर चालू पडले. पाळक हातात प्याला धरून उभेच राहिले. त्यांना वाटलं, पुन्हा प्रवचनाचंच काहीतरी निघालं.

तिथून नाना तडक माझ्या दारात. "चल."

"कुठं?"

"मॅनेजरांच्या बंगल्यावर." मग माझ्या अनवाणी पायांकडे पाहून त्यांनी आपले जोडे काढले आणि माझ्या खोलीत ठेवले. मला हे नाटकच वाटलं. पण ऊन चांगलंच होतं आणि नानांचे पाय मिशनच्या फरशीवर वाढलेले, त्यामुळं वाटेत ते ज्या तऱ्हेनं उड्या मारत होते त्यात नाटक नसावं. पुलापाशी त्यांनी चांभाराला उठवून बरोबर घेतलं.

मॅनेजर बंगल्याच्या पडवीत झोपाळ्यावर बसले होते. चांभारानं सांगितलं की तळ फाटक्या मोटेच्या चामड्याचे आहेत. एका शेतकऱ्यानं विहिरीवरची जुनी मोट टाकून दिली, ती त्यानं आणली होती. पट्ट्याला वादी ओवायची भोकं असतात, याला नाहीत. मॅनेजर म्हणाले, "चोराचा माल घेणारा चोराविरुद्ध कसा बोलेल? आणि कंपौंडर, तुम्हीच काल म्हणालात ना, तुम्हाला संशय आहे?"

"आहे," नाना म्हणाले. "होता. साहेब, या माणसावर माझ्याइतका संशय अख्ख्या धुळ्यात कोणी घेतलेला नाही. अडीच वर्षं घेतोय. बुधवारी तळ पाहिले आणि गुरुवारी मी या चांभाराकडे जाऊन उरलेली मोट हातात घेऊन पाहिली. मी असाच तपास करतो. हा म्हणाला, विडी ओढत नाही. मी त्याच्या खोलीमागं थोटकं शोधली, सापडली नाहीत. हा म्हणाला, आईला पत्र लिहिलं. लिहिलेलं नसतं, पण मी विचारून गेलो की लिहितो. दर रविवारी जेवून निघाला की घरी न जाता स्टेशनावर जातो. मला वाटलं, कोणाला तरी चोरीचा माल पोचवत असेल. चार रविवार मागं गेलो. चाळीसगावची गाडी निघेपर्यंत हा नुसता उभा राहतो. गाडी गेली की परत येतो. दुसरं काही करत नाही. दिवाळीला दार लावून बसला होता. मी फटीतून पाहिलं. मला वाटलं पितो आहे. रडत होता. साहेब, तुमच्या कारखान्यात दोनशे माणसं आहेत. पण इतकं तपासून घेतलेलं माणूस तुमच्याकडे हे एकच आहे."

मी जमिनीकडे पाहत उभा होतो. भाजलेले पाय भाजायचे थांबले होते, की मला कळत नव्हतं, कोण जाणे. मॅनेजर झोपाळ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण पट्टा तर गेला ना?" आणि त्यांनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला.

नानांची नजर वर गेली. झोपाळ्याच्या कड्या करकरू नयेत म्हणून त्यांना चामडं गुंडाळलं होतं. जाड, तेलकट चामडं. आणि त्याला एका ओळीत वादी ओवायची भोकं. मग त्यांनी शांतपणे उपरण्याचा पदर हातात घेतला आणि माझ्या गाठीशेजारी दुसरी गाठ मारली.

"हे काय?" मॅनेजरांनी विचारलं.

"काही नाही साहेब. पुढल्या महिन्यात तुमची क्षमा मागायला यावं लागेल असं दिसतं."

"माझी? कशाबद्दल?"

"ते शनिवारी सांगेन. भोंगा झाल्यावर. फाटकापाशी."

मॅनेजरांनी नानांच्या नजरेमागं हळूहळू वर पाहिलं. ते चामडं तिथं बंगल्यावरच्या माळ्यानं बांधलं, मॅनेजरांच्या बाईंनी बांधून घेतलं, की त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. झोपाळा थांबला. "उद्या कामावर ये," ते मला म्हणाले. "चपला पहारेकऱ्याकडून घे. फाटकापाशी सगळ्यांच्या देखत घे. आणि कंपौंडर, तुम्ही..."

"मी येईन," नाना म्हणाले.

ते खरंच गेले पुढच्या महिन्यात. गाठ मारली की ती सोडलीच पाहिजे. पण फाटकापाशी नव्हे. अक्कांना बरोबर घेऊन बंगल्यावर गेले आणि, अक्का शपथेवर सांगत, हळू आवाजात बोलले. नानांना हळू बोलता येतं हे त्या संसारात पहिल्यांदाच पाहत होत्या.

त्या रविवारी बंगल्यावरून परत येताना पुलावर नाना थांबले. "काल माझं वाक्य अर्धं राहिलं," ते म्हणाले. "त्याबद्दल मला क्षमा कर. पुढचं एवढंच होतं."

मी केली. त्यांनी गाठ सोडली. देवळातलं भोजन केव्हाच आटोपलं होतं. त्यासाठी त्यांना महिनाभर थांबावं लागलं. अक्कांच्या घरी मात्र भरीत तयार होतं. नानांनी प्रार्थना म्हटली. त्या दिवशी मी दोन्ही डोळे मिटले. त्यांनी मिटले की नाही, ठाऊक नाही.

पुढं दोन वर्षांनी मला भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये काम मिळायचा योग आला. वर्तणुकीचा दाखला लागत होता. नानांनी दवाखान्याच्या कागदावर लिहून दिला: "या इसमावर मी साडेचार वर्षे संशय घेत आहे. अद्याप काही सापडलेले नाही. पुढेही घेत राहीन." असला कागद कचेरीत देणं शक्यच नव्हतं. पाळकांकडून साधा दाखला घेतला आणि हा पेटीच्या तळाशी ठेवला. तो अजून तिथंच आहे.

भुसावळला आलो तरी सुटका नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधी एक कार्ड येई. "या महिन्यात तू रात्रपाळीनंतर न जेवता झोपत असशील असा संशय घेतला. क्षमा असावी." "खोकला लपवत असशील." "आईचं पत्र आलं असून उत्तर दिलं नसशील." इतक्या लांबून माणसाला कसं कळतं, याचं मला नवल वाटे आणि रागही येई. मी उलट कार्ड टाकी, क्षमा केली. मग जेवी, औषध घेई, पत्र लिही.

एका महिन्यात कार्ड आलं नाही. आठ दिवस वाट पाहिली. आमचा पोस्टमन जरा उडाणटप्पू. माझी खात्री झाली की त्यानं कार्ड कुठंतरी पाडलं असणार. दोनदा मी त्याच्या पिशवीत डोकावलोसुद्धा. मग अक्कांचं पत्र आलं, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात. नाना शुक्रवारी गेले होते. शनिवार आलाच नव्हता.

रजा काढून धुळ्याला गेलो. अक्कांनी उपरणं आणून माझ्यापुढं ठेवलं. शुक्रवारी त्यावर पाच गाठी होत्या, त्या म्हणाल्या, आणि कोणाच्या ते नाना सांगून गेले नव्हते. दफनाच्या दिवशी दूधवाला आला, उपरणं पाहिलं आणि म्हणाला, "यामा एक मनी शे." एक गाठ सोडून गेला. शेटजी आले. तुरीत खडे होते हो या महिन्यात, म्हणाले, आणि दुसरी सोडली. शेजारची म्हातारी काठी टेकत आली. पाळकांनी सगळ्यांच्या देखत चौथी सोडली.

"ही एक ऱ्हायनी," अक्का म्हणाल्या. "तुनी शे. मी कोनलेच हात लावू दिना नही."

गाठ घट्ट होती. माझ्या तेलकट बोटांनी ती सुटायला बराच वेळ लागला. मला त्या महिन्यात काय झालं होतं, मी काय लपवलं होतं, हे मी आठवून आठवून पाहत होतो. कोणीच तपास केला नव्हता, त्यामुळं काही सांगता येईना.

भुसावळला परतलो त्या दिवशी सकाळीच दारात उभा राहिलो. पोस्टमन आला. "तुमचं काही नाही आज," तो लांबूनच म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "थांबा जरा. माझं कार्ड तुम्ही पाडलं असेल असा संशय मी तुमच्यावर घेतला होता. क्षमा करा."

आवाज जरा मोठा झाला असावा. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

"अहो," पोस्टमन म्हणाला, "मला कुठं ठाऊक होतं?"